ज्याची घंटा, त्याला

घंटा पोत्यातून बाहेर निघाली आणि साळव्यांच्या बैठकीत पहिल्यांदाच सगळे एकाच वेळी गप्प झाले.

पितळेची, साडेपाच किलोची, कड्याला लाल नाडा बांधलेली. त्रिंबकरावांनी ती केदारखेड्याहून जालन्यापर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आणली होती. दर खड्ड्याला ती वाजायची आणि दर वेळी ड्रायव्हर गाडी उभी करायचा. शेवटी कंडक्टरनं आपला रुमाल तिच्या लोलकाला गुंडाळला. उतरताना तो परत द्यायचा राहूनच गेला.

"एवढी मोठी कशाला आणलीत, विहीणबाई?" अर्पिताची आई साधनाबाई म्हणाल्या.

"पोरगं लहान होतं का?" त्रिंबकरावांच्या पत्नी गोपिकाबाईंनी सावकाश विचारलं आणि अनवाणी पाय साडीखाली ओढून घेतले.

त्या पायांना अकरा महिने चप्पल माहीत नव्हती. त्यांच्या मुलाची, कल्याणची मोटारसायकल भोकरदन रोडला ट्रॉलीवर आदळली, त्यानंतर तीन दिवस तो इथल्या दवाखान्यात डोळे मिटून पडला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुठूनशी घंटा वाजली आणि त्यानं डोळे उघडले. घंटा तशी गोड नव्हती. लोखंडासारखी, तोडून टाकणारी, कुणीतरी रागानं वाजवल्यासारखी. गोपिकाबाईंनी तिथंच हात जोडले. ज्याची ही घंटा, त्याला घंटा बांधीन. तवर पायात काही घालणार न्हाई.

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, रोजची पोथी आणि तुळशीला पाणी, एवढं सगळं सांभाळणाऱ्या बाईला एक नवस काही जड नव्हता. जड होतं ते पुढचं. चार महिन्यांपूर्वी त्याच वॉर्डातली नर्स अर्पिता साळवे घरात सून म्हणून यायची वेळ आली, तेव्हा सगळी भावकी दारात उभी राहिली. ख्रिस्ताव पोरगी? गोपिकाबाई आवाज न चढवता म्हणाल्या होत्या, "ज्या देवाच्या घंटेनं माझं पोरगं उठलं, त्या देवाच्या घरची पोरगी यून राह्यली. मी कोण आडवी पडणार?" भावकी परत गेली. देवाच्या कामात मधे पडायला कुणी तयार नव्हतं.

आता तळपायाची चीर पंधरा दिवस झाले तरी भरत नव्हती. साखर होती अंगात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चप्पल घाला, नाहीतर पायाचं काही खरं नाही. अर्पिता रोज जखम धुऊन पट्टी बांधायची आणि बांधताना वर बघायची नाही. गोपिकाबाईंना ते लाजणं वाटायचं.

आणि घंटा बांधायची तर देव ठरायला पाहिजे होता. इथंच अडलं होतं. साळव्यांची तीन भावंडं तीन चर्चला जायची.

"यात प्रश्नच नाही," अर्पिताचे वडील शमुवेलराव म्हणाले. ते दगडी चर्चच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी, मराठी अगदी छापल्यासारखं. "दवाखान्याच्या आसपास टॉवर एकच आणि घंटा एकच. आमची. शंभर वर्षं होऊन गेली."

"दादा, वाजून पण शंभर झाली असतील," त्यांची पाठची बहीण उषाबाई म्हणाल्या. त्या लग्नानंतर कॅथॉलिक झाल्या होत्या, आणि मुळापासून तशीच असल्यासारख्या वागायच्या. "आमची रोज सहाला वाजते. कुणालाही विचारा."

"घंटेनं कुणी उठतं का, मावशी?" धाकटा भाऊ पप्पू गोपिकाबाईंना म्हणाला. त्याचं खरं नाव पीटर होतं, पण ते त्याच्या चर्चशिवाय कुणी घेत नसे. "तो प्रार्थनेनं उठला. त्या दिवशी आमची उपास-प्रार्थना चालू होती. बिलकुल त्याच टायमाला. आणि घंटाच पाहिजे असंल तर आमच्या कीबोर्डात घंटेचा आवाज हाय."

गोपिकाबाईंनी तिघांचं ऐकून घेतलं. "आज आइतवार हाय," त्या म्हणाल्या. "तिन्ही जागी जाऊ. मी ऐकीन. माझ्या कानात हाय ती."

"चल बाई," त्रिंबकराव उठले. "एका दिवसात तीन देव. आपल्याकडं एका देवाला तीन दिवस लागतेत."

*

दगडी चर्च गोपिकाबाईंना लांबून आवडलं. उंच, टोकदार खिडक्या, रंगीत काचा, सागवानी बाकं, वर आढ्याला कोळ्याचं एक जाळं नाही. आत गेल्यावर मात्र त्या दोन गोष्टींनी चक्रावल्या. सगळे चपला-बुटांसकट आत होते. अनवाणी त्या एकट्या, आणि त्यांच्याच पायांकडे लोक बघत होते. दुसरं म्हणजे, देवळात पुढं जायला माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात. इथं भांडण मागच्या बाकासाठी होतं. पहिल्या चार रांगा मोकळ्या आणि शेवटच्या रांगेत सहा जणांच्या जागी नऊ.

"पुढं कोण बसतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणी नाही," साधनाबाई म्हणाल्या. "पुढं बसलं की पाळकसाहेब आपल्यालाच बोलताहेत असं वाटतं."

बाकांना पितळी पट्ट्या होत्या, त्यांवर बाक देणाऱ्यांची नावं. देवाचं नाव शोधावं लागत होतं. पुढच्या मेजावर एक क्रूस, एक पुस्तक, बाकी स्वच्छ. देवाचं सामान कुणीतरी कालच हलवलं असावं, असं. गाणी पुस्तकातून, चाली जुन्या आणि इतक्या सावकाश, की ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात काय होती ते विसरावं. उपदेश ऐक्यावर होता. तो चालू असताना डावीकडची माणसं उजवीकडं बघत नव्हती.

उपासना संपल्यावर शमुवेलराव सगळ्यांना टॉवरपाशी घेऊन गेले. दाराला कुलूप होतं. कुलपावर दुसरं कुलूप होतं.

"किल्ली?" त्रिंबकरावांनी विचारलं.

शमुवेलरावांनी घसा साफ केला. "एक आमच्याकडे आहे. दुसरी दुसऱ्या कमिटीकडे."

"दोन कमिट्या हायेत?"

"कमिटी एकच आहे. ती आम्ही. ते स्वतःला कमिटी म्हणवतात. बाब न्यायप्रविष्ट आहे."

दाराच्या फटीतून गोपिकाबाईंनी वर बघितलं. घंटा होती. तिच्यात पारव्यांचं घरटं होतं. दोर छपरापासून हातभर खाली येऊन तुटलेला, आणि तुटलेल्या टोकाला धूळ धरून चांगली सात-आठ वर्षं झालेली.

"ईवाई, मागच्या साली ही कुणी वाजवली असंल?" त्यांनी व्याह्यांना विचारलं.

"तपास करावा लागेल," शमुवेलराव म्हणाले. "अहवालात नोंद मात्र आहे. 'मंडळीच्या घंटानादाने रुग्णास आराम.' मीच लिहिली."

*

उषाबाईंच्या चर्चमध्ये पाऊल टाकताच गोपिकाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. निळ्या पदराची माता, तिच्या गळ्यात झेंडूचा हार, पायाशी मेणबत्त्या, धुपाचा वास. एक बाई मूर्तीच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावत होती. इतक्या दूर आलेल्या माणसाला आपल्या गावचं कुणी भेटावं तसं त्यांना झालं.

"बघा," उषाबाई कानाशी लागल्या, "आमच्यात सगळं आहे. हार आहे, धूप आहे, दिवा आहे, उपास आहेत. दादाकडं नुसती खुर्च्या-टेबलं."

मिस्सा, म्हणजे इथली उपासना, बरोबर पन्नास मिनिटांची. उठा, बसा, गुडघे टेका. एवढी उठबस गोपिकाबाईंनी शेतात खुरपतानाही केली नव्हती. फादरांचं मराठी इतकं शुद्ध होतं, की त्रिंबकरावांनी दोनदा कल्याणला अर्थ विचारला. कल्याणनं अर्पिताला विचारला.

मग लोक रांगेनं पुढं निघाले. प्रसादाची रांग ओळखायला गोपिकाबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या उठल्या, उजवा हात डाव्यावर ठेवला आणि रांगेत लागल्या. तिसऱ्या पावलाला मागून पदर ओढला गेला.

"अहो, तुम्हाला नाही चालत."

"उपास न्हाई आज मला."

"तसं नाही. तो परमप्रसाद आहे. बाप्तिस्मा झालेल्यांनाच."

गोपिकाबाई परत येऊन बसल्या. केदारखेड्याच्या सप्त्यात पंगतीला कोण बसलं हे कुणी विचारत नाही, असं त्यांच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, की बसायला विचारत नाहीत, पण कुठं बसला ते सगळे बघतात. तेव्हा त्यांनी तोही विषय सोडला. फक्त उषाबाईंच्या 'आमच्यात सगळं आहे'ला मनातल्या मनात एक वजावट केली.

बाराला कर्ण्यातून घंटा वाजली. घुमणारी, गोल, लांबपर्यंत लाटा जाणारी. उषाबाईंनी डोळे मिटले.

"किती गोड," गोपिकाबाई म्हणाल्या. "ही न्हाई."

"अहो, हीच. तेव्हा तुम्ही घाबरलेल्या होतात."

"हिला राग न्हाई. तिला राग होता."

"फादर, घंटा कुठं हाय?" त्रिंबकरावांनी विचारलं.

फादर प्रांजळ माणूस होते. त्यांनी कपाटाकडं बोट दाखवलं. "पेन ड्राइव्हमध्ये."

*

पप्पूचं प्रार्थना भवन पत्र्याचं होतं. दाराशी चपलांचा ढीग होता. गोपिकाबाईंना पहिल्यांदाच आपण बरोबर जागी आलो असं वाटलं. आत सतरंज्या, बाया एकीकडं, बाप्ये एकीकडं, ढोलक, कीबोर्ड, टाळ्या. शेजारच्या बाईनं ओळख नसताना त्यांना सरकून जागा दिली, पाणी दिलं, आणि पाय बघून रडायला लागली. दगडी चर्चमध्ये दोन तासांत कुणी नावही विचारलं नव्हतं.

पण मे महिना, पत्रा आणि चार साउंड बॉक्स. पास्टर कोट घालून होते. ते बोलायला लागले की वाटायचं देव बहिरा तरी आहे, किंवा शेजारच्या तालुक्यात तरी राहतो.

"आज आपल्यात तो मुलगा आहे," पास्टर म्हणाले. "सात दिवस बेशुद्ध."

"तीन," गोपिकाबाई पुटपुटल्या.

"डॉक्टरांनी हात टेकले. तोंडावर चादर ओढली. आईनं हंबरडा फोडला."

गोपिकाबाईंनी आयुष्यात हंबरडा फोडला नव्हता. त्यांनी पलीकडं बाप्यांत बसलेल्या कल्याणकडं बघितलं. तो खिशातले शेंगदाणे खात होता.

"गावी निरोप गेला. लाकडं रचली. आणि त्याच क्षणी, प्रियांनो..."

कल्याणला उठून उभं राहावं लागलं. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. तो शेंगदाणे गिळत दोन्ही हात जोडून उभा राहिला, आणि गोपिकाबाईंना कळलं की ही साक्ष इथं अकरा महिने चालू आहे आणि दर महिन्याला त्यांचा मुलगा थोडा जास्त मरतो आहे.

घंटेविषयी पास्टरांचं मत ठाम होतं. "घंटा म्हणजे मूर्तिपूजेची वस्तू. ती आम्ही घेत नाही." मग त्यांनी पोत्याकडं पुन्हा बघितलं. "पण आई, तुमच्या मनात देवाला काही द्यायचंच असेल, तर एक बेस बॉक्स कमी आहे."

*

जेवायला चार वाजले. साधनाबाईंनी मटण केलं होतं, आणि गोपिकाबाईंसाठी नव्या कोऱ्या पातेल्यात शेपूची भाजी. पातेल्यावरचं दुकानाचं कागदी लेबल अजून निघालं नव्हतं. त्रिंबकरावांनी मान खाली घालून मटणच घेतलं.

"ठराव करू," शमुवेलराव म्हणाले. "घंटा स्वीकारावी, टॉवरखाली बसवावी, खाली पट्टी लावावी. 'साळवे परिवारातर्फे.'"

"साळवे?" त्रिंबकरावांनी हाड ताटात ठेवलं. "मांडीवर मी आणली, ईवाई."

"आणि टॉवरची दुसरी किल्ली तरी आहे का तुझ्याकडं?" उषाबाई म्हणाल्या. "आमच्या आवारातल्या मातेच्या गुहेपाशी बांधू. फादर आशीर्वाद देतील."

"मूर्तीपाशी?" शमुवेलराव आणि पप्पू एकदम म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं होतं, त्यामुळे दोघंही जरा दचकले.

"मोडीत घालू अन् बॉक्स घेऊ," पप्पूनं लगेच संधी साधली. "त्यात तुझा पण फायदा हाय दादा, ताईकडं जायची न्हाई."

"तुझ्या त्या शेडमध्ये? बाबांनी ज्या चर्चमध्ये आयुष्य काढलं..."

"बाबांच्या मातीला तुमच्या दोन कमिट्या दोन शवपेट्या घेऊन आल्या होत्या, दादा," उषाबाई शांतपणे म्हणाल्या. आता त्या पप्पूच्या बाजूला गेल्या होत्या. "पीटर रडत उभा होता आणि तू पावती कुणाच्या नावानं हे बघत होतास."

शमुवेलरावांचा चेहरा पडला. मग त्यांनीच तोडगा काढला, "फिरती ठेवू. चार-चार महिने."

"त्यापेक्षा तीन तुकडे करा," त्रिंबकराव म्हणाले. "वाजणार न्हाई, पण बराबर वाटणी हुईल."

गोपिकाबाई उठल्या. उठताना पट्टीतून लाल ठिपका फरशीवर उमटला. तो फक्त अर्पितानं बघितला. तिनं सासूचा हात धरला आणि आतल्या खोलीत नेऊन पलंगावर बसवलं. पट्टी सोडली. आज तिनं वर बघितलं, आणि तिचे डोळे भरलेले होते.

"आई, ती घंटा या तिघांपैकी कुणाचीच नव्हती."

"मग कुणाची?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"आमच्या वॉर्डाच्या दाराशी रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय. भेटायची वेळ संपली की वॉचमन भिवामामा तो हाणतात. सहाला. पहिले दोन दिवस तुम्हाला तो ऐकूच आला नाही. तिसऱ्या दिवशी मी तिथंच होते, यांची नाडी बघत होते."

"रुळाचा तुकडा," गोपिकाबाई म्हणाल्या. लोखंडावर लोखंड. कान अकरा महिने खरं बोलत होता. "तरीच. देवाच्या घंटेला येवढा राग कशाला असंल?"

"मी तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही भावकीला सांगून बसलात, ज्या देवाची घंटा त्याच्या घरची पोरगी. मग मी कोणत्या तोंडानं सांगू, की ती घंटा दवाखान्याची होती? तुम्ही मला घरात घेतलंत ते त्या घंटेवर."

"अन् माझा पाय?"

अर्पितानं जखमेवर कापूस ठेवला.

गोपिकाबाईंना राग आला. खरा आला. पंधरा दिवस रोज पाय हातात घेणारी पोरगी, आणि एक वाक्य सांगता येईना? मग त्यांना आठवलं, एक वाक्य त्यांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. तिन्ही दिवस त्या मुलाचा हात धरून बसल्या होत्या, आणि पोथीतला एक शब्द तोंडात आला नव्हता. तीस वर्षांचा नेम, आणि ऐन वेळी नुसता घाम.

"भिवानं रूळ कशाला हाणला? मला भाईर काढायला?"

"हो. तुम्ही उठलात. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा हात सोडलात. हात सुटला आणि ते हलले. मी नर्स आहे आई, मला एवढंच कळलं."

बाहेर शमुवेलराव कुणाला तरी कलम समजावून सांगत होते.

"मी नवसात देवाचं नाव घेतलंच न्हाई," गोपिकाबाई म्हणाल्या. "ज्याची ही घंटा, त्याला, म्हणले मी. ज्याची हाय त्याला दिऊ. बांध पट्टी. सहा वाजायच्या आत पोचू."

"आणि भावकी?"

"सांगीन, घंटा बांधली. कुठं बांधली ते बघायला दवाखान्यात यावं लागंल. तिथं हौसेनं कोणी येत न्हाई." त्यांनी पाय पुढं केला. "अन् पोरी, पुढच्या टायमाला माझा पाय कापायची वाट बघू नको. तोंडानं सांग."

*

अर्पितानं मेट्रनला फोन करून विचारलं; त्या हो म्हणाल्या. भिवा मात्र 'नाही' म्हणाला.

"रुळाला काय झालं? वीस साल झाले, बराबर वाजून राह्यला."

"त्याच्याशेजारी बांधू, दादा," गोपिकाबाई म्हणाल्या. "तुमचीच हाय. तुम्हालाच दिऊन राह्यले."

"मला? मी काय केलं?"

"मला भाईर काढलं."

भिवानं आयुष्यात हजारो माणसं बाहेर काढली होती. आभार मानायला परत आलेली ही पहिलीच. त्यानं बाईच्या पायाकडं बघितलं, मग घंटेकडं, आणि बोटानं हूक दाखवला. त्रिंबकरावांनी तारेनं घंटा बांधली. लोलकाचा रुमाल काढून घडी घालून खिशात ठेवला. कंडक्टर परवा पुन्हा त्याच गाडीवर असणार होता.

देव हातचा गेला तरी साळव्यांनी प्रसंग सोडला नाही. तिघंही मागोमाग आले होते. शमुवेलरावांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, जगाच्या उत्पत्तीपासून. उषाबाईंनी पर्समधून पवित्र पाण्याची बाटली काढून शिंपडली. बरंचसं पप्पूवर पडलं. पप्पूनं त्याकडं दुर्लक्ष करून घंटेवर हात ठेवला आणि तिच्यातली मूर्तिपूजा मोठ्यानं बाहेर काढायला लागला. वॉर्डातले पेशंट उशीवरून माना वर करून बघायला लागले.

भिंतीवरच्या घड्याळात सहा झाले. भिवानं पप्पूचा हात बाजूला केला आणि लोलक हाणला. पितळ होतं, पण हात भिवाचा होता.

"चला, टाईम झाला. भेटणारे भाईर व्हा. तुम्ही पण. वो साहेब, डोळे उघडा."

गोपिकाबाई पहिल्या बाहेर पडल्या. व्हरांड्याच्या पायरीवर बसून त्यांनी पिशवीतून अकरा महिने जपलेल्या चपला काढल्या. डावी शिरेना. उजवी तर पट्टीसकट अर्ध्यावरच अडली. पाय पसरून रुंद झाले होते. जुन्या चपलांना ते ओळखू येत नव्हते. अर्पिता खाली बसून पट्टा ढिला करायला लागली, पण पट्टा आधीच शेवटच्या भोकावर होता.

त्रिंबकरावांनी थोडा वेळ ते बघितलं. मग आपल्या चपला काढून बायकोच्या पुढं सरकवल्या. त्या तिला अगदी बरोबर झाल्या. ते अनवाणी रस्त्यावर उतरले आणि दिवसभर तापलेल्या डांबरावर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागले.

"नवस मी बोललो न्हाई बरं का," ते म्हणाले. "रिक्षा बघ."

मागं घंटा परत वाजली, पहिल्यापेक्षा रागानं. शमुवेलरावांचं आमेन अजून व्हायचं होतं.